डिस्क ड्रायव्हरचा बग फिक्स रिव्ह्यू करताय? डिफ सगळ्यात शेवटी वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी इंजिनिअरिंगची पाच-सहा पोरं-पोरी जमतात, लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, कोड वाचायला. मागच्या महिन्यात त्यातल्या एकीनं पहिल्यांदाच एका डिस्क ड्रायव्हरचा (कर्नलच्या डिस्कशी बोलणाऱ्या भागाचा) पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, रिव्ह्यूला घेतला, पाच मिनिटं बघितला आणि म्हणाली, "ताई, सातच ओळी आहेत, सगळं बरोबर वाटतंय, आता पुढं काय करायचं?" प्रश्न एकदम रास्त आहे. कॉलेजात कोड लिहायला शिकवतात, दुसऱ्याचा फिक्स तपासायला कुणी शिकवत नाही. तिला त्या दिवशी जे दोन तास सांगत बसले ते इथं लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या पोरांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय बाकीचं सगळं नुसतं चेकलिस्ट वाटेल. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी चढत होतं तेव्हा माझ्या एका मित्राच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात पाणी शिरायला लागलं. पॅटर्न बनवायचा धंदा, सगळी ड्रॉइंग्ज एका पीसीवर. घाईघाईत त्यानं यूएसबी बॉक्समधल्या डिस्कवर कॉपी मारली, सिंक (सगळं डिस्कवर लिहून टाक ही कमांड) पण दिला, प्रॉम्प्ट परत आला आणि त्याच क्षणाला मेन स्विच खाली. नंतर डिस्क उघडली तर फाइली होत्या, नावं बरोबर, साइझ बरोबर, पण शेवटच्या काही फाइलींच्या आत नुसते शून्य. लॉगमध्ये एकच ओळ सापडली, की बॉक्सनं आपल्या कॅशबद्दल (डेटा तात्पुरता ठेवायच्या मेमरीबद्दल) काही सांगितलेलं नाही, तेव्हा राइट-थ्रू आहे (म्हणजे लिहिलेलं थेट डिस्कवर जातं) असं धरून चालतोय. म्हणजे कर्नलच्या हिशेबात कॅश नाहीच, मग फ्लश, म्हणजे कॅश डिस्कवर उतरव हा हुकूम, कशाला पाठवायचा? कुठंही एरर नाही. सगळ्यांनी "झालं" म्हणून सांगितलं आणि काम झालेलं नव्हतं.

स्टोरेजचा हाच त्रास आहे बघा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर चुकला तर स्क्रीनवर लगेच दिसतंय, साउंडचा चुकला तर कानाला कळतंय, डिस्कचा चुकला तर सहा महिन्यांनी कुणाचं तरी ड्रॉइंग उघडत नाही आणि तोपर्यंत कारण शोधायला काही उरलेलं नसतंय. त्यामुळं फिक्स बघताना माझा पहिला प्रश्न "क्रॅश थांबला का" हा नसतोच. "हा फिक्स लागल्यावर ड्रायव्हर कुठं खोटं बोलायला लागणार नाही ना" हा असतो. क्रॅश बरा, निदान ओरडतो तरी.

पायरी पहिली : बग समजून घ्या, पॅच नंतर

डिफ, म्हणजे कुठल्या ओळी बदलल्या ते दाखवणारा मजकूर, उघडायचा मोह आवरा. आधी पॅचच्या वरचा मजकूर वाचा आणि मूळ बग रिपोर्ट शोधून काढा. कुठलं डिव्हाइस, कुठली कर्नल व्हर्जन, नेमकं काय होत होतं, लॉगमध्ये काय आलं, कुठल्या लोडखाली आलं. मग एक कागद घ्या आणि बग एका वाक्यात स्वतःच्या मराठीत लिहा. "टाइमआउट झालेल्या रिक्वेस्टची मेमरी सोडून दिल्यावर डिव्हाइस तिच्यात लिहितं" असं. हे वाक्य लिहिता येत नसेल तर एक तर तुम्हाला अजून कळलेलं नाही, नाही तर पॅच लिहिणाऱ्यानं नीट सांगितलेलं नाही, आणि दुसरं असेल तर तीच तुमची रिव्ह्यूतली पहिली कमेंट. नवीन माणसाला असं विचारायला लाज वाटते, पण मेंटेनरला (त्या भागाचा कोड सांभाळणाऱ्याला) या प्रश्नाचा खूप उपयोग होतो.

आता "फिक्सेस" नावाची ओळ बघा. तिच्यात ज्या कमिटमुळं (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलामुळं) बग आला त्याच्या आयडीची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक असतंय. गिट शो मारून ती जुनी कमिट पूर्ण वाचा. त्या कमिटमधली कोडची ओळ कुणी तरी मुद्दाम घातली होती, तिला काही तरी कारण होतं, आणि आजचा फिक्स ती ओळ काढत असेल तर ते जुनं कारण अजून जिवंत आहे का हे बघायलाच लागतंय. एक बग मिटवताना तीन वर्षांपूर्वीचा बग परत आणायचा हा प्रकार फार होतो. फिक्सेसची ओळ नसेल तर गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटनं आणली ते सांगणारी कमांड) मारून स्वतः शोधा.

पायरी दुसरी : पॅच आपल्या मशीनवर लावा

ब्राउझरमध्ये बघून रिव्ह्यू होत नाही. डिफमध्ये बदलाच्या वर-खाली तीन-तीन ओळी दिसतात आणि बग बहुतेक वेळा चाळीस ओळी वर नाही तर दुसऱ्याच फाइलीत असतोय. बी४ नावाचं टूल आहे, ते पॅच ओढून थेट तुमच्या ट्रीवर (कर्नलच्या सोर्सच्या प्रतीवर) लावून देतं. मेंटेनरच्या ट्रीवर लावा, कुठल्या तरी जुन्या डिस्ट्रोच्या सोर्सवर नको. बिल्ड करा, चेकपॅच चालवा, पण चेकपॅचनं काढलेल्या स्पेसच्या चुका रिव्ह्यू म्हणून पाठवू नका, ते काम मशीनचं आहे. मग बदललेलं अख्खं फंक्शन वाचा, त्याला बोलावणारी सगळी फंक्शन्स शोधा आणि ती पण वाचा.

पायरी तिसरी : ही रिक्वेस्ट आत्ता कुणाच्या ताब्यात आहे?

इथं जरा थांबायचंय, कारण स्टोरेज ड्रायव्हरमधले अवघड बग बरेचसे याच एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

उद्यमनगरात तुम्ही जॉब कसा देता ते आठवा. लेथवाल्याकडं जॉब पाठवला, जॉब कार्डावर नंबर टाकला, समजा १७. आठवडा झाला, जॉब आला नाही. तुम्ही वैतागून वहीत १७ नंबर रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी तोच १७ नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जॉबला दिला. पण पहिला जॉब अजून लेथवाल्याच्या मशीनवर आहेच की! तो परवा निवांत जॉब घेऊन येतो, म्हणतो "१७ नंबर झाला", आणि तुम्ही नव्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगता की तुमचं काम झालं. दुसऱ्याचा जॉब, दुसऱ्याचं माप.

ड्रायव्हरमध्ये शब्दशः हेच होतंय. प्रत्येक रिक्वेस्टला (वाचा किंवा लिहा अशा मागणीला) एक टॅग नंबर मिळतो, डिव्हाइसला कमांड जाते, त्यात मेमरीचा पत्ता असतोय जिथं डिव्हाइस डीएमएनं (सीपीयूला मध्ये न घेता) स्वतः डेटा आणून टाकणार. लिनक्समध्ये साधारण ३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर टाइमआउट लागतो. तोपर्यंत ती मेमरी आणि तो टॅग डिव्हाइसच्या ताब्यात आहे. आता समजा तुमच्यापुढं असा पॅच आलाय की टाइमआउट हँडलरमध्ये अबॉर्ट (काम सोडून दे अशी) कमांड पाठवायची, ती फेल झाली तर रिक्वेस्ट एरर देऊन तिथल्या तिथं पूर्ण करून टाकायची, म्हणजे सिस्टीम लटकत नाही. वर लिहिलंय "फिक्सेस हँग". सात ओळी, दिसायला एकदम स्वच्छ, आणि टेस्ट केली तर हँग खरंच जातो.

पण डिव्हाइसनं अजून जॉब सोडलेला नाही! रिक्वेस्ट पूर्ण झाली म्हटल्यावर ती मेमरी कर्नल दुसऱ्या कुणाला तरी देणार, टॅग दुसऱ्या रिक्वेस्टला जाणार, आणि पाच सेकंदांनी डिव्हाइस जागं होऊन जुन्या पत्त्यावर डेटा लिहिणार. आता तिथं काय असेल कुणास ठाऊक. म्हणजे या पॅचनं लटकणारी सिस्टीम घेतली आणि गुपचूप डेटा खराब करणारी सिस्टीम दिली. असा पॅच मी पास करणार नाही, कितीही लोकांचा हँग जात असला तरी.

बरोबर वाट कुठली ते एनव्हीएमईच्या (एसएसडीशी बोलायच्या एका पद्धतीच्या) ड्रायव्हरमध्ये बघायला मिळतंय, तो टाइमआउटचा कोड प्रत्येकानं एकदा बसून वाचावा असाच आहे. आधी तो कम्प्लीशन क्यू (झालेल्या कामांची रांग) स्वतः जाऊन बघतो, कदाचित जॉब होऊन दारात पडला असेल आणि फक्त इंटरप्ट (काम झाल्याचा इशारा) चुकला असेल. मग अबॉर्ट पाठवतो. अबॉर्ट ही विनंती आहे, डिव्हाइसनं ती मानलीच पाहिजे असं नाही, म्हणून त्या रिक्वेस्टचा परत टाइमआउट झाला तर डिव्हाइसचा कंट्रोलरच रीसेट करतो. कंट्रोलर बंद झाला, त्यानं आपला रेडी बिट खाली आणला, म्हणजे आता तो कुणाच्या मेमरीला हात लावणार नाही हे नक्की झालं, मगच राहिलेल्या रिक्वेस्टी रद्द होतात. म्हणजे आधी लेथवाल्याचं शटर खाली आणि मग वहीत काट.

टॅगच्या गोंधळावर पण तिथं एक छान उपाय आहे. कमांडचा आयडी १६ बिटांचा, त्यातले १२ बिट टॅगला आणि वरचे ४ बिट एका काउंटरला, जो टॅग परत वापरला की वाढतो. जॉब कार्डावर नुसता १७ न लिहिता "१७, फेरी तिसरी" लिहिल्यासारखं. जुन्या फेरीचं उत्तर आलं की ड्रायव्हर ओळखतो आणि टाकून देतो. आणि मजा बघा, काही कंट्रोलरना आयडी लहानच लागतो, त्यांच्यासाठी हा काउंटर बंद ठेवायची वेगळी सोय नंतर करायला लागली. चांगला फिक्स सुद्धा कुठल्या तरी हार्डवेअरला बाधतोच, हे लक्षात असू दे.

तर रिव्ह्यू करताना फंक्शनच्या प्रत्येक ओळीपाशी पेन्सिलीनं लिहा : इथं मेमरी कुणाची, टॅग कुणाचा, आणि दुसऱ्या सीपीयूवर आत्ता याच क्षणी कम्प्लीशन आलं तर काय होईल? टाइमआउट आणि कम्प्लीशन एकाच वेळी आले तर रिक्वेस्ट दोनदा पूर्ण होतेय का? कागदावर दोन रकाने पाडा, डावीकडं एक सीपीयू, उजवीकडं दुसरा, आणि ओळी वर-खाली सरकवून बघा. याला दुसरा शॉर्टकट मला तरी माहीत नाही.

पायरी चौथी : एरर कुठं जातेय

प्रत्येक रिटर्न व्हॅल्यू धरून बाहेरपर्यंत चालत जा. डिव्हाइसनं एरर दिली, ती फाइल सिस्टीमपर्यंत पोचतेय का, की मध्येच कुणी तरी तिला शून्य करून टाकतंय? फ्लशची एरर गिळणारा पॅच तर सरळ परत पाठवा, डेटाबेसवाले त्याच एका उत्तराच्या भरवशावर बसलेले असतात.

मग क्लीनअप बघा. प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ज्या क्रमानं गोष्टी घेतल्या त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं सोडायच्या, इंटरप्ट सोडायच्या आधी त्याच्या हँडलरला लागणारी मेमरी सोडली तर खेळ खल्लास. पॅचमध्ये मध्येच नवीन गोटू आला असेल तर तो बरोबर लेबलवर उडी मारतोय का हे बोट ठेवून बघा. डीएमए मॅपिंग (मेमरी डिव्हाइसला वापरता येईल अशी जोडणं) केलं की ते फेल झालं का हे लगेच तपासायला पाहिजे, आणि प्रत्येक मॅपला एरर पाथमध्ये पण अनमॅप पाहिजे.

पायरी पाचवी : लॉक आणि मेमरी

हे थोडक्यात. स्पिनलॉक (ज्याच्यासाठी सीपीयू न झोपता वाट बघतो तो लॉक) धरलेला असताना झोपणारं काही चालत नाही, म्यूटेक्स (वाट बघताना झोपवणारा लॉक) नाही, वाट बघणं नाही, जीएफपी कर्नल (गरज पडली तर थांबवणाऱ्या) फ्लॅगनं मेमरी मागणं नाही. लॉक इंटरप्ट हँडलरमध्ये पण घेतला जात असेल तर बाहेर घेताना इंटरप्ट बंद करून घ्यायचा.

आणि एक खास डिस्कवाल्यांचा सापळा. आयओच्या वाटेवर आणि रीसेट-रिकव्हरीच्या वाटेवर मेमरी मागताना जीएफपी नोआयओ (मेमरीसाठी डिस्कला हात लावू नको असा फ्लॅग) पाहिजे. कारण मेमरी कमी पडली की कर्नल जुनी पानं डिस्कवर लिहून जागा करायला बघतो, ते लिहिणं याच ड्रायव्हरकडं येतं, आणि ड्रायव्हर तर मेमरीची वाट बघत बसलाय. दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकले. हे टेस्टमध्ये सहसा येत नाही, मेमरी भरलेल्या सर्व्हरवर रात्री तीन वाजता येतं, त्यामुळं ते वाचूनच पकडायला लागतंय.

पायरी सहावी : आकडे

एकचा फरक. डिस्कवाल्या जगात कुठं मोजणी शून्यापासून आणि कुठं एकपासून हे पाठच करा. स्कझीची (डिस्कशी बोलायच्या आणखी एका पद्धतीची) रीड कपॅसिटी कमांड शेवटच्या ब्लॉकचा पत्ता देते, एकूण ब्लॉक किती हे देत नाही, त्यात एक मिळवायला लागतो. काही यूएसबी बॉक्स बनवणाऱ्यांनी इथंच चूक केली आणि एकूण संख्याच परत दिली, म्हणून कर्नलमध्ये अशा बॉक्ससाठी एक वजा करणारा वेगळा फ्लॅग आहे. एनव्हीएमईमध्ये कमांडमधली ब्लॉकची संख्या शून्यापासून, म्हणजे शून्य लिहिलं की एक ब्लॉक. पॅचमध्ये अधिक एक किंवा वजा एक दिसला की स्पेसिफिकेशन उघडायचंच, अंदाजानं नाही.

दुसरं म्हणजे सेक्टर. कर्नलच्या ब्लॉक लेअरमध्ये सेक्टर नेहमी ५१२ बाइटचा, डिस्कचा स्वतःचा ब्लॉक ४०९६ चा असला तरी. दोन्हींची सरमिसळ झाली की आठपट चूक. ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये सेक्टर ठेवला तर २ टीबीला संपतो, आणि त्याच ३२ बिटांत सेक्टरचे बाइट केले तर ४ जीबीलाच संपतो आणि परत शून्यापासून सुरू होतो. शून्यापासून म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला, जिथं पार्टिशन टेबल असतंय! तेव्हा गुणाकार करायच्या आधी टाइप मोठा केलाय का, नंतर नव्हे, हे बघा.

बाइटचा क्रम पण. एनव्हीएमई लिटल एंडियन (आकड्याचा लहान किमतीचा बाइट आधी), स्कझीच्या कमांडी बिग एंडियन (मोठ्या किमतीचा आधी). आपल्या पीसीवर लिटल एंडियनची चूक दिसतच नाही कारण पीसी पण लिटल एंडियन, म्हणून स्पार्स (कोड न चालवता तपासणारं टूल) चालवा, ते पकडून देतं.

पायरी सातवी : चालवून बघा, आणि मोडून बघा

महागडं हार्डवेअर लागत नाही. क्यूईएमयू या नकली मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नकली एनव्हीएमई डिस्क मिळते, स्कझीसाठी स्कझी-डीबग मॉड्यूल आहे जे रॅममध्ये डिस्क बनवतं आणि सांगितलं तर दर शंभराव्या कमांडीला उत्तरच देत नाही, टाइमआउटचा कोड तपासायला याच्यासारखं दुसरं काही नाही. त्यावर एफआयओ या टूलनं लोड टाका, व्हेरिफाय चालू ठेवून, म्हणजे लिहिलेला डेटा परत वाचून चेकसम जुळवला जाईल. नुसता स्पीड बघून "चालतंय" म्हणू नका. ब्लॉकटेस्ट्स (कर्नलच्या स्टोरेजच्या कोडसाठी तयार टेस्ट) पण चालवा.

कर्नल बिल्ड करताना लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं), कासान (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि डीएमए एपीआय डीबग (डीएमए मॅपिंगच्या चुका पकडणारं) चालू करा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा : कासान फक्त सीपीयूनं केलेले मेमरी ॲक्सेस बघतं, डिव्हाइसनं डीएमएनं केलेलं लिखाण त्याला दिसत नाही. म्हणजे वरचा तो लेथवाला बग कासानखाली बिनबोभाट पास होईल. त्यासाठी खऱ्या मशीनवर आयओएमएमयू (डिव्हाइस कुठल्या मेमरीला हात लावतं यावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) स्ट्रिक्ट मोडमध्ये ठेवा, मग अनमॅप झालेल्या पत्त्यावर डिव्हाइसनं लिहायचा प्रयत्न केला की फॉल्ट लॉगमध्ये येतोय.

आणि पॅच न लावता आधी बग आणून दाखवा. बग आलाच नाही तर फिक्स चालला हे कशावरून?

पायरी आठवी : उत्तर लिहिणं

पॅच लिहिणाऱ्या माणसानं स्वतःच्या रात्री घातलेल्या असतात, त्याचा मान राखून लिहा. "हे चुकीचं आहे" याच्याऐवजी "अबॉर्ट फेल झाल्यावर आणि रीसेटच्या आधी डिव्हाइस या बफरमध्ये लिहू शकतं का?" असं विचारा, सीपीयूचे ते दोन रकाने टाइप करून खाली जोडा. तुमचं चुकलं असेल तर तो ओळीवर बोट ठेवून सांगेल, बरोबर असेल तर त्याला स्वतःलाच दिसेल. काय तपासलं आणि काय नाही हे सरळ सांगा : "लॉकिंग बघितलं, पॉवर मॅनेजमेंटची बाजू बघितलेली नाही."

रिव्ह्यूड-बाय ही ओळ द्यायची तर ती आपली सही आहे हे समजून द्या. कर्नलच्या नियमात तिचा अर्थ लिहिलेला आहे, की मी तांत्रिक तपासणी केली, माझ्या शंका मिटल्या, पॅच योग्य आहे असं मला वाटतंय. बग येणारच नाही अशी गॅरंटी त्यात कुणी मागत नाही. फक्त चालवून बघितला असेल तर टेस्टेड-बाय द्या, ते पण तितकंच मोलाचं आहे, विशेषतः तुमच्याकडं ते डिव्हाइस असेल तर.

शेवटी स्टेबलची ओळ. जुन्या कर्नलमध्ये फिक्स न्यायचा असेल तर तो आधी मेनलाइनमध्ये (मुख्य कर्नलमध्ये) पाहिजे आणि आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत पाहिजे. पॅचमध्ये फिक्सबरोबर थोडी साफसफाई, थोडी नावं बदलणं असं मिसळलेलं असेल तर दोन पॅच करायला सांगा, फिक्स पहिला आणि साफसफाई दुसरा, म्हणजे फक्त पहिला मागं नेता येईल.

त्या पोरीनं त्या रविवारी त्या सात ओळींवर रकाने पाडले, दुपारी दीडला तिला कम्प्लीशनची रेस (दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तर होणारी चूक) सापडली, आणि तिनं दोन वाक्यांचा प्रश्न लिहून पाठवला. चार दिवसांनी पॅचची दुसरी आवृत्ती आली, रीसेट आधी आणि रिक्वेस्ट पूर्ण करणं नंतर. ती आता या रविवारी वाचायला घेतोय, एफआयओचा रन शनिवारी रात्रीच लावून ठेवणार आहे.